पुसणारी माणसं

नाटकाचं परीक्षण होतं, गाण्याच्या मैफलीचं होतं, पुस्तकाचं तर होतंच. कवितावाचनाचं मात्र होत नाही, त्याची फक्त बातमी येते. बातमीत निमंत्रित कवींची नावं असतात, सूत्रसंचालन कुणी केलं ते असतं, आभार कुणी मानले तेही असतं, आणि शेवटी 'रसिकांनी भरभरून दाद दिली' हे वाक्य ठरलेलं असतं. कुठल्या ओळीला सभागृह गप्प झालं, आणि ते गप्प होणं समजल्यामुळे होतं की न समजल्यामुळे, याबद्दल एक अक्षर नसतं. जणू कविता वाचून दाखवणं ही हळदीकुंकवासारखी गोष्ट आहे. झालं ते छानच झालं.

मी इथे एका वाचनाचं परीक्षण लिहिते आहे. वाचन बालाघाटचं आहे, दोन वर्षांपूर्वीचं, मराठी भाषा गौरव दिनाच्या दुसऱ्या दिवशीचं. कविता बऱ्या की वाईट एवढंच मला सांगायचं नाही. एकेकटी लिहिणारी माणसं अशा कार्यक्रमाला येतात. जाताना ती एकेकटीच जातात का? वाचनाची माझी कसोटी ती आहे. कवितेची कसोटी वेगळी, ती घरी पुस्तक उघडून लावता येते.

पण बालाघाटात घरी जाऊन उघडायला पुस्तक नसतं, हे आधी सांगायला हवं. 1956 पर्यंत हा जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. गोंदिया इथून जेमतेम 40 किलोमीटर. वैनगंगा इकडून तिकडेच वाहते, सोयरिकी दोन्हीकडे होतात, पण शाळा हिंदी झाली. घरात पोवारी, मराठी, लोधी, गोंडी, बाजारात हिंदी. इथे मराठीत लिहिणाऱ्या ज्या घरांशी माझं येणंजाणं आहे, तिथली मुलं मराठी बोलतात, वाचत नाहीत. म्हणून इथला कवी जेव्हा उभा राहून कविता वाचतो तेव्हा तेच तिचं प्रकाशन असतं. पुण्यात न समजलेली ओळ संग्रहात पुन्हा शोधता येते. इथे ती ओळ त्या संध्याकाळी कुणाच्या कानात गेली तर गेली.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होता. निमंत्रणपत्रिकेत 14 नावं होती, वाचलं 19 जणांनी. व्यासपीठावर अध्यक्ष, पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सगळं रीतसर. वारासिवनीचे एक निवृत्त गुरुजी, कटंगीचा बँकेतला मुलगा, गोंदियाहून आलेल्या दोन प्राध्यापिका, पोवारीत लिहिणारे दोघे, गावातले एक हिंदी गझलकार, आणि अध्यक्षपदी महाराष्ट्रातून बोलावलेले एक समीक्षक. पहिला दीड तास जसा जातो तसा गेला. प्रत्येकाने 'माझी एक छोटीशी रचना' म्हणून मोठी रचना वाचली. आईवर चार कविता झाल्या, मराठीच्या थोरवीवर पाच. प्रत्येकीला 'वाहवा', 'क्या बात है', टाळ्या. वाचून खाली बसलेला कवी पुढच्याला 'वाहवा' म्हणत होता, कारण मागच्याने त्याला म्हटलं होतं.

दाद ही आपल्याकडे आहेरासारखी झाली आहे. मिळाला तेवढा परत करायचा, पाकिटावर नाव घालून. आहेराने नातं टिकतं हे खरं, पण आहेर देणारा नवरीला ओळखत असतो असं नाही. जेवून, पाकीट देऊन, नवरीचं नाव न विचारता परत आलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

यात बालाघाटचा दोष काही नाही. अखिल भारतीय साहित्य संमेलनातल्या कवीकट्ट्यावर जाऊन बघावं. शेकडो कवी, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, खाली बसलेले बहुतेक लोक स्वतःच्या नंबराची वाट पाहणारे. नंबर झाला की फोटो, फोटो झाला की बस. इतके कवी एका मांडवाखाली जमतात आणि एकमेकांची एक ओळसुद्धा घरी नेत नाहीत, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. हिंदीत निदान भांडण उघड आहे. मंचाचा कवी वेगळा, गोष्ठीचा वेगळा; मंचाच्या कवीला लिफाफा मिळतो, गोष्ठीच्या कवीला चहा. आपण मराठीत दोन्ही एकच समजतो आणि दोन्ही घालवतो.

एके काळी आपल्यालाही हा फरक कळत होता. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ निघालं ते रविवारच्या चहातून. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि त्या टेबलाशी बसणारी एकच स्त्री, मनोरमाबाई रानडे. तिथे कविता वाचायची ती एकमेकांना ऐकवण्यासाठी, बोलण्यासाठी. मग हेच कवी बाहेर कविता गाऊन दाखवू लागले आणि लोकांच्या गर्दीला कविता ऐकायची सवय लागली. पहिली गोष्ट सोबत्यांची, दुसरी श्रोत्यांची. पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर, वसंत बापट या तिघांनी गावोगाव वाचनं केली, सुरेश भटांनी मैफली रंगवल्या. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत, कारण पुस्तक विकत न घेणाऱ्या माणसालाही त्यांनी कविता दिली. पण त्या वाचनांचा ओघ मंचाकडून खाली होता आणि तो तसाच असणार होता. आपण त्यांचं अनुकरण केलं ते मंचाचं. चहाचं केलं नाही.

आता जैन घरात वाढलेल्या बाईला 'वाचन' हा शब्द कसा ऐकू येतो ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिथून निघतं. आमच्याकडे आगम ठरवण्यासाठी साधूंच्या ज्या परिषदा झाल्या असं श्वेतांबर परंपरा सांगते, त्यांना नावच 'वाचना' आहे. पाटलिपुत्राची वाचना, मथुरेची, वलभीची. लोक जमले, ज्याला जे पाठ होतं ते म्हणून दाखवलं आणि त्यातून ग्रंथ उभा राहिला. आम्ही दिगंबर ते आगम मानत नाही, तो वाद जुना आहे. पण एकत्र येऊन वाचणं म्हणजे वाचना, हा शब्द मला आवडतो. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्याय हे अंतरंग तप म्हणून येतं आणि त्याचे पाच प्रकार येतात : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. लहानपणापासून मंदिरात हे कानावर पडत आलेलं. अनुप्रेक्षा म्हणजे मनात घोळवणं, आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चाराने पुन्हा पुन्हा म्हणणं. धर्मोपदेश आपल्या अध्यक्षीय भाषणांतून भरपूर होतो. गळालं आहे ते दुसरं, पृच्छना.

पृच्छना म्हणजे विचारणं. शंका फिटावी म्हणून, किंवा जे कळलं आहे ते पक्कं व्हावं म्हणून विचारणं. टीकाकारांनी बजावून ठेवलं आहे की स्वतःचा मोठेपणा मिरवायला किंवा समोरच्याची थट्टा करायला जे विचारलं जातं ते यात येत नाही. आणि गंमत अशी की क्रमाने ते वाचनेच्या लगेच नंतर, मनात घोळवण्याच्याही आधी आहे. विचारल्याशिवाय घोळवायचं काय?

शास्त्रसभेत हे आजही चालतं. शास्त्र वाचलं जातं, मग शंका-समाधान. तिथे मागच्या रांगेतली पदर घेतलेली आजी पंडितजींना अडवते. अडवलं म्हणून पंडितजींना राग येत नाही. कुणीच काही विचारलं नाही तर मात्र ते खट्टू होतात. कवींचं नेमकं उलटं आहे.

बालाघाटच्या त्या संध्याकाळी सतरावा नंबर एका बाईंचा होता. लांजीकडच्या एका खेड्यात त्या अंगणवाडी सेविका आहेत. कविता वहीच्या पानावर, पान घडी घालून पर्समध्ये. आवाज बारीक. कवितेत एक सून बोलते. मी या घरची बांधी, असं ती म्हणते. लोक येतात, चिखल करतात, रोवणी करून जातात. कुणाच्या तरी पायाने धुरा फुटतो आणि बोल मात्र तिला लागतो. दुसऱ्या कडव्यात धुऱ्यावरच्या तुरीचा उल्लेख आहे, तो मला सगळ्यात आवडला. बांधीच्या कडेकडेने, कुणी फारसं लक्ष न देता उगवणारी तूर. ती त्या सुनेची मुलगी असावी असं वाटत राहतं, पण कविता तसं सांगत नाही. तिसरं कडवं ढिलं आहे. तिथे आकाश, चांदणं वगैरे येतं आणि बाईंचा हात सुटतो.

टाळ्या झाल्या. अध्यक्ष मध्येच बोलले, उत्साहाने बोलले, की बंधनात जखडलेल्या भारतीय स्त्रीचं हे किती प्रभावी चित्र आहे, 'बांधी' या एका शब्दात कवयित्रीने सगळी व्यवस्था उभी केली आहे. त्यांनी बांधी म्हणजे बांधलेली असं घेतलं होतं. हिंदी गझलकारांनी 'रोवणी'चा संबंध रडण्याशी लावला असावा, कारण ते हळहळून मान हलवत होते. बाई काही बोलल्या नाहीत. पान घडी घालू लागल्या.

तेवढ्यात मागून एक म्हातारे उठले. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. कविता करत नाहीत, नातवाने आणलं म्हणून आलेले. त्यांनी माईक वगैरे काही मागितला नाही. जागेवरूनच विचारलं, "बाई, बांधी कोन्ती म्हन्ता? वरची का खालची?"

सूत्रसंचालकाने "काका, नंतर, नंतर" म्हटलं. पण बाईंनी मान वर केली आणि पहिल्यांदाच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "खालची."

सभागृहात जेवढे धानवाले होते तेवढे सगळे गप्प झाले. बाकीच्यांना काय झालं ते कळेना. मग कटंगीच्या मुलाने धीर करून विचारलं, म्हणजे काय? आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं कार्यक्रमपत्रिका बाजूला राहिली.

भंडारा, गोंदिया, बालाघाट हा सगळा धानाचा मुलूख. इथे शेत म्हणजे एक सलग तुकडा नसतो. उताराला धरून मातीचे बांध घालून छोटे छोटे चौकोन करतात, त्यांत पावसाचं पाणी साठवून धान लावतात. तो एकेक चौकोन म्हणजे बांधी, तिच्याभोवतीचा बांध म्हणजे धुरा, आणि रोपं उपटून बांधीत लावणं म्हणजे रोवणी. पाणी वरच्या बांधीत भरतं. ती भरली की धुऱ्याला तोंड पाडून खालच्या बांधीत सोडतात. वरच्याने सोडलं नाही तर खालची तशीच राहते, भांडणं होतात, डोकी फुटतात. मात्र एकदा पाणी आलं की खालचीतच ते जास्त दिवस टिकतं. पाऊस लांबला की आधी वरची बांधी भेगाळते. हे त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, अर्धं गुरुजींनी सांगितलं, मध्ये पोवारीतल्या एका कवीने दुरुस्ती केली. आणि हे सगळं कळल्यावर त्या कवितेतली सून जखडलेली राहिली नाही. ती सगळ्यांच्या नंतर पाणी मिळणारी झाली, आणि मिळालेलं पाणी सगळ्यात जास्त दिवस धरून ठेवणारीही झाली. जावा-नणंदांचं, सासूचं सगळं घर त्या उतारावर दिसायला लागलं. 'बंधनात जखडलेली' या वाचनात तक्रार होती. 'खालची' या एका शब्दाने तिच्यात हिशोब आला आणि थोडा अभिमानही आला.

माझ्या कानाला आधी 'बंध' ऐकू आला होता. आस्रव, बंध, संवर, निर्जरा हे शब्द ज्यांच्या घरात मीठमिरचीसारखे आहेत त्यांना तो येणारच. आमच्याकडची तळ्याची उपमा प्रसिद्ध आहे. श्वेतांबरांच्या उत्तराध्ययनसूत्रात ती येते : पाणी आत येण्याच्या वाटा बंद कराव्यात, असलेलं उपसावं, उन्हाने आटवावं, तसं कर्म आटतं. तिथे पाणी हे संकट आहे. लांजीच्या बाईंच्या कवितेत पाणी न येणं हे संकट आहे. धुरा तोच, काम उलटं. ही उलटापालट मी बोलून दाखवली तेव्हा बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं धान नसन पिकत, ताई." आमच्याकडे व्यापार, त्यामुळे हे बरोबरच होतं.

मला त्या संध्याकाळी जे महत्त्वाचं वाटलं ते असं. दोन प्रश्न विचारले गेले. एक ज्याला माहीत होतं त्याचा : वरची का खालची? एक ज्याला माहीत नव्हतं त्याचा : म्हणजे काय? दोन्हींशिवाय कविता उघडली नसती. नुसत्या माहीतगारांच्या मेळाव्यात पहिला प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नसता, त्यांना तो मनातच सुटला असता. नुसत्या नागर श्रोत्यांत दुसरा प्रश्न कुणी विचारला नसता, कारण मराठी असून मराठी शब्द कळला नाही हे कबूल कोण करणार? बालाघाटात न कळण्याची लाज कमी आहे. इथे दर दुसरा माणूस दुसऱ्याच्या भाषेत पाहुणा असतो. पोवारीवाला मराठीत, मराठीवाला हिंदीत, हिंदीवाला या दोन्हींत. सीमेवरच्या मराठीबद्दल आपण नेहमी कळवळ्याने बोलतो, तिला कसं जगवायचं वगैरे. मला वाटतं, कविता ऐकायची कशी हे या मराठीकडून शिकण्यासारखं आहे.

आमच्याकडे, विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात, विचारणं याला पुसणं म्हणतात. 'त्याले पूस' म्हणजे त्याला विचार. पुण्याकडच्या वाचकाला पुसणं म्हटलं की फडकं आठवतं. जुन्या मराठीत मात्र पुसणं म्हणजे विचारणंच होतं. लीळाचरित्रात माणसं सतत पुसत असतात. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्याच मुळी ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन, त्यांना पुसून. आणि त्या पुसणाऱ्यांत महदाइसा पुढे. ही म्हातारी काही ना काही पुसतच असते, अशा अर्थाचं तिच्याबद्दल म्हटलेलं आहे, आणि ते कौतुकाने म्हटलेलं आहे. आपण तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतो. तिचे धवळे ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात, चारचौघांसमोर, जागच्या जागी रचले गेले अशी परंपरा आहे. म्हणजे मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची कविता हे वाचनच होतं, जमलेल्या आपल्या माणसांपुढचं. आणि तीच बाई त्या मंडळींतली सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी होती. या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत येतात. मला त्या एकच वाटतात.

आपल्या काळातलं उदाहरण द्यायचं तर 'गोलपिठा'चं देईन. 1972 साली नामदेव ढसाळांचा तो संग्रह आला, त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तेव्हा नाव झालेले लेखक. त्यांनी त्या कवितांतले अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत हे लपवलं नाही. ढसाळांनाच अर्थ विचारले, त्यांच्याबरोबर त्या वस्तीत फिरले, आणि ते विचारणं प्रस्तावनेत तसंच ठेवलं. मराठीत प्रस्तावना लिहिणारा सहसा कवीला पदरी घेतो. इथे तो त्याच्याकडे शिकायला गेलेला दिसतो. सहलेखक म्हणजे काय याचा मला माहीत असलेला हा सगळ्यात चांगला पुरावा आहे. त्या दोघांत जात, वर्ग, वय, मुंबईचे दोन वेगळे भाग, सगळं मध्ये होतं. कौतुकाने ते अंतर कमी झालं नसतं.

सगळे प्रश्न असे नसतात हेही लिहायला हवं, नाहीतर मी भोळी ठरेन. बाईने कविता वाचली की तिला प्रश्न विचारले जातातच. 'घरचे काही म्हणत नाहीत?' 'वेळ कधी मिळतो?' 'हे सगळं स्वतःचंच आहे ना, अनुभव?' मला एका ठिकाणी, गावाचं नाव सांगत नाही, 'तुमच्यात चालतं का असं लिहिलेलं?' असं विचारलं गेलं होतं. तुमच्यात म्हणजे जैनांत. हे पुसणं नाही, ही चौकशी आहे, पोलीस चौकीत होते तशी. फरक ओळखायला सोपा आहे. चौकशी बाईकडे जाते, पुसणं ओळीकडे जातं. त्या म्हाताऱ्या खाणकामगाराने लांजीच्या बाईंना सासर कुठलं ते विचारलं नाही.

आणि ज्यांना मुळात मांडवातच घेतलेलं नाही त्यांनी काय पुसावं, हाही प्रश्न आहेच. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा 1878 साली पुण्यात भरली. 1885च्या सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांना आलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. जे लोक माणसांना माणसांचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्यांचा रोख होता. लेखकांच्या एकत्र येण्यावरची मराठीतली ही पहिली खरी टीका, आणि ती सभेला न जाऊन केलेली आहे. त्या परंपरेतल्या संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळायला 1961 उजाडलं : कुसुमावती देशपांडे, 'पासंग'च्या समीक्षक, विदर्भाच्या. संमेलन होतं ग्वाल्हेरला. नंतर दुर्गाबाई कराडला, शांताबाई आळंदीला, विजया राजाध्यक्ष इंदूरला, अरुणा ढेरे यवतमाळला, तारा भवाळकर दिल्लीला. सहांपैकी तिघींना खुर्ची मिळाली ती महाराष्ट्राबाहेर, त्यातल्या दोघींना आमच्या मध्य प्रदेशात. याचा अर्थ काढायचा तर काढावा; मी इतकंच म्हणेन की बाहेरच्या मांडवात जरा वारा खेळता असतो.

त्या दिवशी कार्यक्रम संपला तेव्हा सूर्य मावळून गेला होता, त्यामुळे चहाच्या वेळी मी नुसतीच उभी होते. रात्रीचं घेत नाही म्हटलं की इतर ठिकाणी लोक आग्रह करतात, इथे कुणी केला नाही, जैन दुकानांशी सवय आहे सगळ्यांना. उभी असल्याने नीट पाहता आलं. पहिल्या सोळांत वाचलेले कवी आपापल्या गाडीचं बघत होते. ज्यांच्यासमोर बांधी उघडली होती ते सात-आठ जण जिन्यात अडकून बसले होते. गुरुजी पोवारीवाल्याला म्हणत होते, तुझ्या कवितेतला तो शब्द पुन्हा सांग, मी मघाशी नुसतीच वाहवा केली. कटंगीच्या मुलाने बाईंकडून वहीचं पान मागून घेतलं आणि तिथेच उतरवून काढलं. हिंदी गझलकारांना 'रोवणी'चा अर्थ कुणीतरी समजावला, तेव्हा ते म्हणाले, "तो फिर मैं किस बात पर रो रहा था?" सगळे हसले. अध्यक्षांची गाडी लागली होती, पण तेही पाच मिनिटं थांबले, आणि बाईंना त्यांनी स्वतःहून विचारलं की तूर धुऱ्यावरच का लावतात. हे लिहायला मला आनंद वाटतो. ती मंडळी अजून महिन्या-दीड महिन्याने कुणाच्या तरी घरी जमतात. व्यासपीठ नाही, शाल नाही. एकाने वाचायचं आणि निदान तिघांनी पुसल्याशिवाय दुसऱ्याने वाचायचं नाही, एवढा नियम आहे. मी जाते, जमेल तेव्हा.

बाईंची कविता यंदा एका दिवाळी अंकात छापून आली. पहिल्या ओळीत आता 'खालची बांधी' असं आहे, आणि पानाखाली टीप आहे : 'बांधी – भाताचे शेत.' टीप चुकीची नाही, पण अपुरी आहे. त्या टिपेत उतार नाही, पाणी नाही, वरचा माणूस नाही. आणि 'खालची' हा शब्द पहिल्या ओळीत आणायला नको होता असं माझं मत आहे. तो ऐकणाऱ्याने काढून घ्यायचा शब्द आहे. छापील वाचकाला म्हातारा भेटणार नाही, म्हणून बाईंनी त्याला आधीच कवितेत बसवून ठेवलं, हे मला समजतं. तरीही दुसऱ्या कडव्यात, फुटलेल्या धुऱ्यापाशी तो शब्द आला असता तर वाचकाला मागे जाऊन पहिलं कडवं पुन्हा वाचावं लागलं असतं. तिसरं कडवं अजून ढिलंच आहे. चांदणं काढलं आहे, आकाश राहिलं आहे.

अंक मी त्या काकांना वाचून दाखवला. त्यांना डोळ्यांनी आता दिसत नाही फारसं. ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "समदं छापलं, पन तिच्या बांधीत पानी कवा आलं ते कुठं हाय?" ते कवितेत नाही. हा प्रश्न मी बाईंना अजून पोचवलेला नाही. कार्तिकातली अष्टाह्निका झाली की लांजीला जाणं आहे, तेव्हा.